ग्राफीनची कामसू कड

प्रश्न : आईच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीवरचा काळा भाग ग्राफीनचा असतो का?

बहुधा नाही. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा पत्रा; ही मात्र साध्या कार्बनची शाई. काही पट्ट्यांत सोनं किंवा पॅलेडियमही असतं. एन्झाइम साखरेकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि मीटर तो प्रवाह मोजतो. रक्तात ग्लुकोज मुबलक, म्हणून शाईवर भागतं.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ग्लासी कार्बन (काचेसारखा कठीण कार्बन) इलेक्ट्रोडवर ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन) लावलं. तरी डोपामिन (मेंदूतला संदेशवाहक रेणू) आणि क जीवनसत्त्वाचे पीक (प्रवाहाच्या आलेखातले उंचवटे) एकमेकांत मिसळतात. ग्राफीन तर उत्तम वाहक ना?

ग्राफीन हो, ग्राफीन ऑक्साइड नाही! ते जवळपास विद्युतरोधक. आधी बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ऋण विभव (व्होल्टेज) देऊन त्यातला ऑक्सिजन कमी करा. थोडा उरला तर बिघडत नाही, उलट हवाच. पीएच ७ ला उरलेल्या कार्बोक्सिल (ऑक्सिजनयुक्त, आम्लधर्मी) गटांवर ऋणभार असतो. धनभारित डोपामिन ओढलं जातं, ऋणभारित क जीवनसत्त्व दूर राहतं आणि पीक सुटे होतात. शिवाय पत्र्यातून वीज वाहणं वेगळं, समोरच्या रेणूशी इलेक्ट्रॉनची देवघेव वेगळी. या देवघेवीत कडा आणि दोष बरेचदा सपाट भागापेक्षा तरबेज असतात. वाद आहेत, पण माझं मत कडांच्या बाजूने.

इलेक्ट्रोडवर लावलेला ग्राफीन ऑक्साइडचा थेंब वाळल्यावर चहाच्या कपाखालच्या डागासारखं वलय उमटलंय का, तेही पाहा. तसं असेल तर मधला भाग उघडाच. अ‍ॅल्युमिनाच्या बारीक पुडीवर इलेक्ट्रोड इंग्रजी आठच्या आकड्यात घासून पुन्हा लावा. आणि शेजारी साध्या ग्राफाइटचा इलेक्ट्रोड तपासल्याशिवाय श्रेय ग्राफीनला देऊ नका. २०२० मध्ये प्रागच्या मार्टिन पुमेरा यांच्या गटाने ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली. उत्प्रेरक म्हणून ते नुसत्या ग्राफीनपेक्षा सरस ठरलं. ‘काहीतरी मिसळा, पेपर छापा’ या धंद्याला त्यांनी मारलेली ही कोपरखळी.

प्रश्न : ‘ग्राफीन बॅटरी’वाली पॉवर बँक घ्यावी का?

नावासाठी जादा पैसे मोजू नका. आत बहुधा लिथियम-आयनच असते, ग्राफीन चिमूटभर. नुसत्या ग्राफीनचा ऋणाग्र (ऋण इलेक्ट्रोड) केला तर एवढ्या मोठ्या पृष्ठावर बॅटरीतल्या द्रवापासून बनणारा थर जमण्यात पहिल्याच चार्जिंगला बरंच लिथियम खर्ची पडतं. हेच पृष्ठ सुपरकपॅसिटरला (पृष्ठावरच विद्युतभार साठवणाऱ्या साधनाला) मात्र वरदान: एका ग्रॅमला सिद्धांताने २६३० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची वीसेक मैदानं. प्रत्यक्षात पत्रे पापडांसारखे एकमेकांना चिकटतात आणि निम्मी मैदानंही हाती लागणं मुश्किल.