नक्षी, नकाशा आणि आखणी

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलं आहे : भाचीला डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळाला. आजीनं लगेच विचारलं, "म्हंजे कपडा शिवानं शिकस का ती?" नीट उत्तर देता आलं नाही. शोधल्यावर अभिकल्प, संकल्पन, आरेखन, रचना, नमुना एवढे शब्द हाती आले. यातला बरोबर कोणता?

आजींचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हा शब्द आधी कापडाच्या आणि सोन्याच्या दुकानातूनच घरात आला. जळगावच्या सराफ बाजारात बसलं की कानावर पडतं, "ही डिझाइन नवी आली, ती जुनी झाली." तिथे शब्द स्त्रीलिंगी. पण पुलाचं, मोटारीचं किंवा ठिबकच्या संचाचं म्हटलं की तीच माणसं "ते डिझाइन" म्हणतात. हा फरक कुणी शिकवलेला नाही. माझा कयास असा, की पहिल्या ठिकाणी मनात 'नक्षी' असते म्हणून ती. दुसऱ्या ठिकाणी एखादं काम किंवा गणित असतं म्हणून ते. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ बोलणाऱ्यांनी लिंगावरूनच वेगळे केले.

आणि हे दोन अर्थ मुळातच आहेत. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदापासून हा शब्द आला, त्याचा अर्थ खूण करणे, रेघ मारून दाखवणे. इटालियनमध्ये 'दिसेन्यो' म्हणजे रेखाटनही आणि मनातला बेतही. फ्रेंचांनी पुढे रेखाटनासाठी एक आणि हेतूसाठी दुसरं अशी दोन स्पेलिंगं केली. आपल्याकडेही असाच एक प्रकार आहे, तो सहसा लक्षात येत नाही. नक्षी आणि नकाशा हे एकाच अरबी कुळातले शब्द. नक्षी बांगडीवर उतरली आणि नकाशा नगरपालिकेत मंजुरीला गेला!

आता सुचलेल्या शब्दांकडे. 'अभिकल्प' हिंदीच्या सरकारी परिभाषेतला. पेटंट आणि डिझाइनच्या केंद्रीय कार्यालयाच्या हिंदी नावात तो आहे, पण मराठी माणसाच्या तोंडात मी कधी ऐकला नाही. 'संकल्पन' अर्थाला जवळचा, मात्र आपल्याला संकल्प म्हटलं की हातावर पाणी घेऊन सोडायचा तो आठवतो. महाराष्ट्र सरकारनं 'संकल्पचित्र' वापरात आणला आणि तो खात्यात चांगला रुजला. धरणं-कालव्यांची डिझाइनं करणाऱ्या नाशिकच्या संस्थेचं नावच मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना. पण त्यात शेवटी 'चित्र' आहे, आणि अडचण नेमकी तिथेच येते. 'आरेखन'चंही तेच.

कारण हे क्षेत्र चित्रापाशी थांबलेलंच नाही. 2000 सालचा आपला डिझाइन कायदा अजूनही जुनी हद्द धरून आहे : वस्तूचा आकार, ठेवण, नक्षी, रंगरेषा, म्हणजे केवळ डोळ्याला दिसतं आणि डोळ्यानं जोखलं जातं तेवढंच. घडणीची पद्धत त्यात येत नाही. पण 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं भारत सरकारला अहवाल दिला, त्यात त्यांनी सगळ्यांत वाखाणला तो साधा लोटा. त्यात किती पाणी मावावं, डोक्यावर किंवा कमरेवर तोल कसा राहावा, ओतताना धार कशी पडावी, हात आत घालून घासता येतो का, असे प्रश्न त्यांनी मांडले. 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली ती याच अहवालाच्या मागोमाग. पुढे 1969 साली हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकानं हद्द आणखी लांब नेली : आहे ती परिस्थिती हवी तशी व्हावी म्हणून जो उपाय योजतो, तो डिझाइनच करतो. त्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं. आज दवाखान्यात केस पेपर काढण्यापासून औषध मिळेपर्यंत माणूस किती खिडक्या फिरतो, याची मांडणी हाही डिझाइनचाच विषय आहे. एका बाजूला अभियांत्रिकी, दुसरीकडे चित्रकला, तिसरीकडे व्यवस्थापन. बांध रोज सरकतो आहे.

मला या सगळ्याला पुरणारा एक मराठी शब्द दिसतो, आणि तो वावरातला आहे : आखणी.

यावल तालुक्यात आमचे वडील केळी लावायच्या आधी अख्खा दिवस रान आखत. सुतळीला पाच-पाच फुटांवर गाठी, दोन्ही टोकांना खुंट्या, गाठ येईल तिथे फक्कीची चिमूट. बघणाऱ्याला नुसत्या ठिपक्यांच्या ओळी दिसायच्या. पण उतार कुणीकडे, पाणी शेवटच्या झाडाला पोचेल का, वारं कोणत्या बाजूनं येतं, घड डोक्यावर घेऊन माणूस कुठून निघेल, ट्रॅक्टर बांधापर्यंत येईल का, हे सगळं त्या ओळींमध्ये ठरलेलं असे. खुंटी एकदा ठोकून, मागे जाऊन, डोळा बारीक करून बघून, ते ती उपटत आणि हातभर सरकवून पुन्हा ठोकत.

शिवाय आपण बेत आखतो, धोरण आखतो, मोहीम आखतो. रेघेपासून धोरणापर्यंतचा सगळा पल्ला हे क्रियापद कधीचं चालत आलं आहे. उणीव एकच : वस्तू हातात घेतल्यावर कशी वाटते, हे त्यात नीट येत नाही. तिथे 'घडण' म्हणावं. सराफाला घडणावळ देणाऱ्या आपल्या लोकांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

तेव्हा ताई, अर्जावर आणि विद्याशाखेचं नाव म्हणून 'डिझाइन'च राहू द्या, तो आता आपला शब्द आहे. आणि आजींना सांगा, आपण वावर आखतो ना, तसं ती वस्तू आणि कामं आखायला शिकते आहे. कपडेही त्यात आलेच.