शंभर कादंबऱ्या वाचल्या, आता खरी पुस्तकं वाचायची आहेत पण जमत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, वय २९, घरची सात एकर, पऱ्हाटी (म्हणजे कापूस) अन् तूर. डुकरं लय त्रास देतात म्हणून रात्री मचानावर जागलीले असतो, तिथंच टॉर्चच्या उजेडात आजपर्यंत शंभरच्या वर कादंबऱ्या वाचून झाल्या. पण एवढ्यात मले असं वाटून राहिलं का दुसऱ्याच्या मनातल्या गोष्टी एवढ्या वाचल्या अन् आपल्याच गावात जे घडते ते काहून घडते हे काही माहीत नाही. म्हणून ठरवलं, यावर्षी अर्धी पुस्तकं तरी खऱ्या गोष्टीची वाचायची. तालुक्याच्या लायब्ररीतून तीन आणली, एक इतिहासाचं, एक अर्थशास्त्राचं, एक चरित्र. तिन्ही तीस-चाळीस पानावर अडकली. वाचलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही, अन् कादंबरी हातात घेतली का पहाट कधी झाली समजत नाही. मित्र म्हणते का कादंबऱ्या सोड, तेव्हाच जमते. खरंच सोडाव्या लागतील का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : दादा, नाही, एकही कादंबरी सोडू नका. तुमच्या मित्राचं हे म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. शंभर कादंबऱ्या वाचलेला माणूस पाचशे पानं धरून ठेवू शकतो, माणूस असं का वागला असेल याचा विचार करू शकतो, आणि माहितीच्या पुस्तकाला नेमकं हेच लागतं.

आता तुमच्याच पत्रातलं एक वाक्य बघा, "आपल्याच गावात जे घडते ते काहून घडते". हा प्रश्न तुमचा आहे, आणि आणलेल्या तीन पुस्तकांपैकी एकही त्या प्रश्नासाठी आणलेलं नाही असं मला वाटतं, कपाटात दिसली, जाड होती, वाचायला पाहिजेत असं कुणीतरी म्हटलं म्हणून आणली. कादंबरीत पुढं काय होईल ही ओढ लेखक तयार करून देतो, इथं ती ओढ आपली आपल्याला घेऊन जावी लागते. मनात प्रश्न नसला तर सन आणि नावं नुसती डोळ्यासमोरून जातात, मग दुसऱ्या दिवशी काय आठवणार?

म्हणून एकच प्रश्न घ्या, तोही घराजवळचा. तुमच्या जिल्ह्यातली शकुंतला घ्या ना, यवतमाळ ते मूर्तिजापूर धावायची ती अरुंद रुळांची नॅरोगेज गाडी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तिच्यातून प्रवास केला असेल. एवढ्या आडबाजूला रूळ कुणी आणि कशाला टाकले? तर कापसासाठी, आणि टाकले किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं. मग कापसासाठीच का हे विचारलं की आणखी मागं जावं लागतं. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, भाव भडकले आणि सगळ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी वेगळा फाटा टाकला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तुमच्या सात एकरात पऱ्हाटी का आहे याचं एक टोक तिकडं अमेरिकेतल्या लढाईत आहे, आणि हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी त्या रात्री झोपले नव्हते, खरं सांगते. आता इतिहासाचं पुस्तक उघडा आणि फक्त कापसाचं प्रकरण वाचा. मधूनच वाचलं तरी चालतं, मागची सूची बघून पाहिजे तेवढीच पानं काढली तरी चालतं, कादंबरीसारखं पहिल्या पानापासूनच गेलं पाहिजे असं इथं काही नाही. एखादी गोष्ट अडली तर मराठी विश्वकोश मोबाईलवर फुकट आहे, त्यातली कापसाची नोंद बघा.

दुसरं, गोष्टीची सवय असलेल्यानं आधी आत्मकथनाकडे जावं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं आली, पण वाचताना असं वाटतं की ओट्यावर बसून कुणी बाई आपल्याशी बोलते आहे, मी शाळेत असताना ती कादंबरी समजूनच वाचली होती. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, ते वाचल्यावर गावाकडे बघायची नजर बदलते. आणि तुम्ही रात्र रानात काढता म्हणून मारुती चितमपल्ली नक्की घ्या. मूळचे सोलापूरचे, पण वनखात्यात नोकरी करताना नवेगावबांध आणि मेळघाटच्या जंगलात राहिले, आणि पक्ष्यांची, झाडांची, रानातल्या माणसांची एवढी माहिती त्यांनी लिहून ठेवली की मचानावर ऐकू येणाऱ्या आवाजांना तुम्ही नावानं ओळखायला लागाल.

मग थोडा दम आला की महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' घ्या, १८८३ चा आहे. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक, पहिली दहा पानं जड जातील. पण शेतकऱ्याच्या घराची अवस्था जिथं सांगितली आहे तिथपर्यंत पोचाच, मोठ्यानं वाचा, घरच्यांनाही ऐकवा.

लक्षात राहण्यासाठी मी एक करते, वहीत नोट्स वगैरे काढत नाही, सकाळी कुणाला तरी सांगते. तुम्ही वेचणीला आलेल्या बायांना सांगा, नाहीतर त्या मित्रालाच सांगा. सांगताना जिथं अडखळाल तेवढीच दोन पानं रात्री परत वाचायची. आणि जागलीच्या वेळेचं म्हणाल तर झोपेची वेळ झाली की कादंबरी, डोकं ताजं आहे तोपर्यंत वीस मिनिटं हे दुसरं. अर्धी-अर्धी मोजत बसू नका, वर्षात अशी चार पुस्तकं झाली तरी पुष्कळ आहेत.

अर्थशास्त्राचं आणि चरित्राचं पुस्तक सध्या लायब्ररीत परत करून टाका, इतिहासाचं ठेवा, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर शकुंतलेतून कापसाच्या गाठी जाताना त्यांनी पाहिल्या का ते याच आठवड्यात विचारून घ्या. काय सांगितलं ते मला जरूर लिहा.