भेग पडते, तडा जातो

'वाळलेल्या चिखलाला भेगा पडतात म्हणावं की तडे जातात? की दोन्ही एकच?' असा प्रश्न आला आहे.

चिखलाला भेगाच. 'तडा'च्या पोटात तडकणं आहे, म्हणजे झटका आहे. काचेला तडा जातो, विश्वासाला तडा जातो. रेघ उमटते, पण तिला रुंदी जवळजवळ नसतेच. भेगेत मात्र बोट जातं. जमिनीला, टाचेला भेग पडते, कारण तिथे अंगच आक्रसलेलं असतं.

हे आक्रसणं चिखलात नीट दिसतं. ओल उडू लागली की कणांमधल्या बारीक जागांत उरलेलं पाणी कणांना एकमेकांकडे खेचतं. वरचा थर आधी सुकतो आणि आकसू पाहतो, खालचा ओला थर त्याला हलू देत नाही. ही ओढाताण चिखलाला सोसवेनाशी झाली की भेग पडते. चिकणमाती खूप आक्रसते म्हणून खूप भेगाळते. निव्वळ वाळूचं तसं होत नाही.

वाळलेला गाळ वाकून पाहा. नंतरची भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते. जुन्या भेगेच्या काठाशी तिला आडवा असलेला ताण आधीच सुटलेला असतो, उरतो तो काठाला समांतर असलेला, आणि नवी भेग त्या ताणाला आडवी जाते. त्यामुळे सांध्यावर जी सरळ पुढे गेली ती थोरली, जी येऊन थांबली ती धाकटी. मला हे फार आवडतं, सगळा क्रम वाचता येतो! तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून वाळला तर सांधे 120 अंशांकडे सरकतात आणि तुकडे षटकोनी दिसू लागतात. थर जाड असेल तर भेगा एकमेकींपासून लांब पडतात. कडा वर वळल्या की त्या तुकड्याला पोपडा म्हणायचं.

लाकडाला चीर पडते. वाळताना लाकूड खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने आक्रसतं, ते गाभा ते साल या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणून ओंडक्याच्या तोंडावरच्या चिरा गाभ्याकडून सालीकडे धावतात. ओठ उलतात. फट मात्र दोन वेगळ्या वस्तूंमधली, दार आणि चौकटीमधली. ती इथे नको.

भिंतीबाबत दोन्ही शब्द चालतात. गिलावा वाळताना पडतात त्या बारीक भेगा. पाया खचून भिंत फाटते तेव्हा तडा.