रात्रीचा भात, सकाळची फोडणी

प्रश्न : रात्री उरलेला भात मी पातेल्यातच झाकून ओट्यावर ठेवते आणि सकाळी फोडणीचा भात करते. फ्रिजमधला भात कडक होतो, म्हणून सासूबाईंना चालत नाही. ‘चांगला परतला की जंतू मरतात,’ असं त्या म्हणतात. परवा मात्र नाश्ता झाल्यावर दोनेक तासांत घरात तिघांना उलट्या झाल्या. भाताला वास अजिबात नव्हता. मग भातामुळेच झालं असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : भात तपासल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दोन तासांत उलट्या म्हटल्यावर माझा पहिला संशय बॅसिलस सिरियसवर. माझं निम्मं काम याच जिवाणूवर चालतं.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. परतताना जिवाणू मरतात. पण हा मातीतला गडी तांदळाबरोबर बीजाणूच्या, म्हणजे कडक कवचातल्या झोपलेल्या अवस्थेच्या रूपात घरात येतो, आणि बीजाणू भात शिजताना तग धरतात. प्रयोगशाळेत आम्ही भात कालवलेलं पाणी मुद्दाम 80 अंशांवर 10 मिनिटं तापवतो. बाकीची गर्दी मरते, बीजाणू उरतात. ते अंड्याचा बलक घातलेल्या प्लेटवर पसरायचे. दुसऱ्या दिवशी गुलाबी वसाहती, म्हणजे जिवाणूंचे ठिपके उठतात, प्रत्येकीभोवती पांढुरकं गढूळ कडं. एकदा पाहिलं की ओळखायला चुकत नाही.

तुमच्या कोमट पातेल्यात बीजाणू रुजतात आणि रात्रभर वाढतात. त्यांतले काही प्रकार सिरुलाइड नावाचं विष तयार करतात. ते 121 अंशांवर दीड तास टिकतं, म्हणजे जवळपास कुकरमधल्या उष्णतेतही. फोडणीची काय कथा! आणि वासाचा भरवसा धरू नका, विषारी भातही ताज्यासारखाच लागू शकतो.

1970 च्या दशकात ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांत हेच घडलं. फ्रिजमध्ये भाताचे गोळे होतात, परतताना मोकळा होत नाही, म्हणून ढीगभर भात बाहेरच ठेवायचे. कारण ओळखीचं वाटतंय ना?

याच जिवाणूचा दुसरा प्रकार जुलाब करतो, पण तो बहुतेकदा 8 ते 16 तासांनी. ओस्लोत 1940 च्या दशकाच्या शेवटी आदल्या दिवशी केलेल्या व्हॅनिला सॉसमुळे सुमारे 600 जण आजारी पडले. स्टाइनार हाउगे या संशोधकानं हा जिवाणू सॉसमध्ये वाढवला आणि स्वतः 200 मिली प्यायला! पोटात कळा, जुलाब, सगळं झालं. आज कुठलीही एथिक्स कमिटी याला परवानगी देणार नाही, आणि ते बरंच आहे.

तुम्ही एवढं करा : जेवणं उरकली की उरलेला भात परातीत पातळ पसरा. खोल पातेल्यात मधला भात तासन्‌तास कोमट राहतो. वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये, शिजल्यापासून दोन तासांच्या आत. सकाळी कडक वाटला तर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा आणि दणदणीत वाफ आणा. सासूबाईंना फरक कळणार नाही. त्यातूनही उरला तर मात्र टाकून द्या.