जुना बाथटब, तांब्याचा बंब, फ्लशची टाकी: जनावरांच्या पाण्याला काय चालतं, काय नाही

नमस्कार मंडळी, या आठवड्यात जनावरांच्या पाण्याच्या भांड्यांबद्दल तिघा-चौघांनी विचारलंय, घरं पाडून नवीन बांधायचं सगळीकडं चालूय त्यामुळं जुनं सामान गोठ्यात वापरावं असं बऱ्याच जणांच्या मनात आहे, तर सगळ्यांना इथंच सांगतो.

पहिला प्रश्न कडोलीकडचा. टिळकवाडीतला जुना बंगला पाडताना लोखंडी बाथटब भंगारात स्वस्तात मिळालाय, घरी तीन म्हशी आहेत, चालेल का? दादा, चालतो, आणि चांगला चालतो, कारण त्याला खाली भोक असतं. सिमेंटच्या हौदात तळाला शेवाळ आणि गाळ साठतो, वाकून डबड्यानं उपसायचा कंटाळा येतो मग आठ-आठ दिवस कोण धूत नाही, टबाचं बूच काढलं की पाच मिनिटात रिकामा, ते पाणी पाईपनं हत्ती गवताला सोडा. पण आतला पांढरा मुलामा आधी हात फिरवून बघा. जुन्या मुलाम्यात शिसं असू शकतं, मुलामा उडालेला किंवा पांढरी भुकटी हाताला लागत असेल तर तो टब पाण्याला घेऊ नका. नळाचे बाहेर आलेले तुकडे काढा, म्हशीच्या तोंडाला लागतात. फायबरचा टब असेल तर तळाखाली वाळू भरून घ्या, नाहीतर म्हशीनं नुसतं अंग घासलं तरी तडकतो.

टब भरलेला ठेवणं महत्त्वाचं. म्हशीच्या दुधात ८० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ७०-८० लिटर सहज लागतं, आणि धार काढल्या काढल्या तिला जास्त तहान असते. दोन वेळा बादली दाखवून ती तहान भागत नाही हो, आणि मग दूध कमी झालं म्हणून आपण पेंड बदलत बसतो.

म्हणून दुसरा प्रश्न मला फार आवडला, फ्लशच्या टाकीतला फ्लोट टबाला लावता येतो का? येतो की! पाणी खाली गेलं की चेंडू उतरतो, व्हॉल्व्ह उघडतो, भरलं की आपोआप बंद. टाकी उंचावर नसेल तर प्रेशर कमी पडतं आणि भरायला वेळ लागतो, तेव्हा टब मोठाच ठेवा. जनावर तो चेंडू चाटतं, चावतं, म्हणून एका कोपऱ्यात विटांचा आडोसा करून त्यात फ्लोट बसवा. आणि पाईपचं तोंड पाण्याच्या वर राहू द्या, बुडालेलं असलं तर लाईन रिकामी होताना टबातलं उष्टं पाणी घरच्या पाईपात ओढलं जातं.

अथणीकडच्या काकांनी विचारलंय, आजीच्या काळातला तांब्याचा बंब उभा कापून मेंढरांना ठेवू का? काका, मेंढरांना नको, अजिबात नको. मेंढरांना तांबं सोसत नाही, थोडं थोडं करून काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, साठत जातं, वरून काही कळत नाही, आणि एक दिवस एकदम रक्तातल्या पेशी फुटतात, लघवी लालकाळी होते, डोळे पिवळे पडतात, तोवर हातातून गेलेलं असतं. तांब्याला भंगारात पण चांगला भाव आहे, विकून सिमेंटची डोण घ्या. डोणीत एक मोठा दगड ठेवा, कोकरू पडलं तर चढून बाहेर येतं.

खानापूरकडच्या ताईंनी विचारलंय, जनावरांना भात खाचरातलं पाणी पाजलं तर चालेल का? ताई, एवढंच सांगतो, खाचरातलं पाणी पाजण्यापेक्षा गोठ्यातला टब केव्हाही बरा, खाचरात गोगलगाय असते आणि तिच्यातून काळजातला चपटा जंत येतो. पावसाळ्यात टबाभोवती चिखल होऊ देऊ नका, मुरूम टाका किंवा फरशी घाला, खूर कुजतात. आतून दर पंधरा दिवसांनी चुना मारा, वाळला की मगच भरा. औषध फवारणीचे ड्रम मात्र कितीही धुतले तरी पाण्याला वापरू नका, त्याचं प्लास्टिकच औषध शोषून घेतं.

शेवटचा प्रश्न: म्हस टबाजवळ येते, तोंड लावते आणि मागं सरते, पाणी तर स्वच्छ आहे. हे ऐकल्यावर मला आधी करंटची शंका येते. मोटारीची वायर खरवडलेली असली की लोखंडी टबात बारीक करंट उतरतो, आपण चप्पल घालून असतो म्हणून आपल्याला लागत नाही, ओल्या जमिनीवर उभ्या जनावराला लागतो. टबाला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा आणि आजच वायरमनला बोलवून अर्थिंग बघून घ्या, तोवर म्हशीला दुसरीकडं बादलीनं पाजा.