एका तोफेला सहा घोडे कशाला? दोन धडधाकट घोडे पुरले नसते का?

प्रश्न वाचून हसू आलं, कारण गेटिसबर्गच्या मैदानावर (अमेरिकी यादवी युद्धातल्या लढाईची जागा) मी मुलीला हेच विचारलं होतं. तिला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून परत आल्यावर मीच वाचत बसलो. तिथलंच उदाहरण घेतो.

अमेरिकी यादवी युद्धात ‘नेपोलियन’ नावाची १२ पौंडी (म्हणजे गोळा १२ पौंडांचा) तोफ फार वापरात होती. नुसती नळी साडेपाचशे किलोच्या आसपास. पण घोडे नळी ओढत नाहीत. तोफेचा दोन चाकी गाडा मागे, त्याच्यापुढे आणखी एक दोन चाकी गाडा (लिंबर) आणि त्यावर दारूगोळ्याची पेटी, असं सगळं मिळून वजन पावणेदोन टनांवर जातं. म्हणजे घोड्यामागे तीनशे किलो धरा. चांगल्या सडकेवर दोन घोडे हे ओढतीलही. पण लढाई सडकेवर होत नाही. नांगरट, चिखल, चढ, आणि वेळ आली की हे धूड घेऊन पळायचं.

घोडे तीन जोड्यांत जुंपलेले. प्रत्येक जोडीतल्या डाव्या घोड्यावर एक स्वार, तोच उजव्यालाही हाकणार. चाकांजवळची जोडी सर्वांत थोराड, कारण उतारावर गाडा थोपवायचं काम तिचं. भरल्या बैलगाडीचे बैल उताराला अंग कसं मागे टाकतात ते पाहिलं असेल, तर वेगळं सांगायला नको.

आता खरी गोम. लिंबरवरच्या पेटीत ३२ बार. जोरात लढाई चालू असेल तर ते किती वेळ पुरणार? म्हणून प्रत्येक तोफेमागे दारूगोळ्याचा वेगळा गाडा असे. त्याच्यावर दोन पेट्या, त्याच्या लिंबरवर तिसरी, पाठीला एक जादा चाक. त्यालाही सहा घोडे! म्हणजे एका तोफेला बारा घोडे आणि १२८ बार. सहा तोफांच्या तुकडीचे इथेच ७२ झाले. वर लोहाराचा गाडा, सामानाचा गाडा, अधिकाऱ्यांची घोडी, राखीव जनावरं धरली की आकडा शंभरापार. दर घोड्याला रोज सुमारे सहा किलो गवत आणि साडेपाच किलो दाणा ठरलेला होता. शंभर घोड्यांचा हिशेब तुम्हीच करा. ती वैरण वाहायला पुन्हा गाड्या, त्यांना पुन्हा जनावरं.

सहाचं आणखी एक कारण आहे, जरा क्रूर. एक-दोन मेले तरी उरलेल्यांनी तोफ हलवता यावी. बंदुकीच्या गोळीने तोफ फुटत नाही, घोडा मात्र पडतो. तोफ डागताना लिंबर घोड्यांसकट तिच्या मागे काही पावलांवरच उभं असे, तेव्हा नेम धरायला अवघड नव्हतं. स्वार मेलेल्या घोड्याचे पट्टे कापून बाकीच्यांना मोकळं करत.

हे आपल्याकडेही घडलंय, फक्त बैलांच्या बाबतीत. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला (आता जालना जिल्ह्यात) मराठ्यांच्या तोफखान्याने इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि माणसं टिपली. तोफा मागेच अडकल्या आणि त्याच्या पायदळाला त्यांच्याविना चाल करावी लागली. इंग्रज जिंकले, पण माणसं किती गमावून!

गेटिसबर्गला २ जुलै १८६३ च्या संध्याकाळी नववी मॅसॅच्युसेट्स बॅटरी (तोफांची तुकडी) ट्रॉसल यांच्या शेताकडे मागे हटली, तीही तोफा लिंबरला नेहमीसारख्या न जोडता. तोफ लांब दोराने लिंबरला बांधलेली, बार उडाला की धक्क्याने तोफ आपोआप मागे सरकायची आणि दोर ताणून तिला आणखी ओढायचं. शेताच्या कोपऱ्यात त्यांना थांबून लढायचा हुकूम झाला. ८८ पैकी ८० घोडे तिथे मेले किंवा जखमी झाले आणि सहापैकी चार तोफा शत्रूच्या हाती लागल्या. ओढून न्यायला होतं कोण? तोफा पुढे परत मिळाल्या. ट्रॉसल यांच्या कोठाराच्या विटांत गोळ्याने पडलेलं भोक अजून आहे, मी त्याच्याखाली उभा राहून फोटो काढला. लढाईनंतर तिथे काढलेला एक जुना फोटोही आहे. त्यात घरासमोर मेलेले घोडे पडलेत, काहींच्या अंगावर अजून सामान तसंच आहे.