"ते सगळ्यांना लगेच मिळतात, आम्हालाच मिळत नाहीत"

"आमचे हे माणूस म्हणून फार चांगले आहेत हो, व्यसन नाही काही नाही, घरासाठीच राबतात, कुणाचाही फोन आला की धावतात, पण आमच्या वाट्याला येतच नाहीत, आणि तक्रार करायला गेलं तर मलाच लाज वाटते." समुपदेशक म्हणून थोड्याफार फरकाने हे मी खूप बायकांकडून ऐकलंय. आणि उलट बाजूनेही तितकंच ऐकते, छोटा धंदा चालवणारे पुरुष, बायकासुद्धा, येऊन म्हणतात की मी करतो ते सगळं घरच्यांसाठीच ना, मग घरचेच नाराज का? आज अशाच एका केसबद्दल जरा सविस्तर लिहितेय. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ते गृहस्थ पन्नाशीच्या जवळचे. स्वतःचा छोटा छापखाना, मोजके कामगार, हिशोब बायको बघते, मुलगी कॉलेजात, मुलगा शाळेत. याच्या जोडीला रक्तदात्यांची यादी सांभाळायचं काम, कुठेही कुणाला रक्त लागलं की फोन यांना. एक जाड वही होती त्यांच्याकडे, पहिल्या भेटीला बरोबर घेऊनच आले होते. पानापानावर नावं, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख, आणि ज्याने नुकतंच रक्त दिलंय त्याच्या नावाखाली लाल रेघ, म्हणजे चुकून त्याला परत फोन जायला नको. इतकं नीटनेटकं काम होतं की मी थोडा वेळ नुसती ती वहीच बघत बसले.

ते घरच्यांच्या तक्रारीसाठी आलेच नव्हते. ते आले होते कारण ते घाबरले होते. एका रात्री फोन आला, पलीकडे एक मुलगा रडत होता, त्याच्या आईला रक्त हवं होतं, आणि यांच्या मनात पहिला विचार आला की हे लोक मलाच का फोन करतात! रक्त मिळवून दिलं त्यांनी, पण तो विचार काही डोक्यातून जाईना. "मॅडम, मी असा नव्हतो. माझ्यातली माणुसकी संपली का?" हे विचारताना त्यांचा आवाज खरंच कापत होता.

माणुसकी संपलेली नव्हती, माणूस थकला होता. पण हे त्यांना पटेना, कारण त्यांचं म्हणणं की जे मनापासून करतो त्याने कोण थकतं? मग मी त्यांना सांगितलं की बर्नआउट, म्हणजे काम करून करून आतून पार थकून जाणं, हा शब्द मानसशास्त्रात ज्यांनी आणला ते मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर, त्यांनी १९७४ साली त्यावर पेपर लिहिला तो काही कंटाळलेल्या नोकरदारांबद्दल नव्हता, न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणाऱ्या लोकांबद्दल होता, त्यातले कितीतरी स्वयंसेवकच होते आणि ते स्वतःही तिथे दिवसाची प्रॅक्टिस संपवून राबत होते. म्हणजे मनापासून करणाराच आधी थकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय, आणि तिची तीन लक्षणं दिलीत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाहीये असं वाटणं. यातलं दुसरं वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ते 'मलाच का' हे यात बसतं?" बसतं. त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले ते.

डिप्रेशन तर नाही ना हे आधी बघून घेतलं, त्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. त्यांचं सौम्य पातळीवरच होतं. पण तुमच्या घरातल्या माणसाची झोप-भूक उडाली असेल किंवा जगावंसं वाटत नाही असं तो बोलत असेल तर असले लेख वाचत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

पुढच्या वेळी मी बायको-मुलांनाही बोलावलं. आणि तिथे मुलगी जे बोलली ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, मी बाबांना काही महत्त्वाचं सांगायचं असेल तर छापखान्याच्या नंबरवर फोन करते, तो ते पहिल्या रिंगला उचलतात, माझा नंबर दिसला की "नंतर करतो" असा मेसेज येतो. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, सवय झाली होती तिला. ते एकदम गप्प झाले, मग म्हणाले, अगं मग सांगायचं ना. त्यावर बायको म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आला असता हो, पण सारखे घड्याळाकडे बघत बसला असता."

पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात घरात असून मनाने नसलेल्या वडिलांचा अभ्यास केला होता, त्यातूनच पुढे अ‍ॅम्बिग्युअस लॉस ही संकल्पना आली, म्हणजे माणूस गेलाही नाही आणि आहेही म्हणता येत नाही अशी स्थिती. घरच्यांना अशा वेळी रडताही येत नाही आणि भांडताही येत नाही, कारण माणूस समोर जेवायला बसलेला असतो ना! मला वाटतं बायकांना तक्रार करायची लाज वाटते ती यामुळेच.

मी त्यांना विचारलं, फोन उचलला नाही तर काय होईल? ते म्हणाले, कुणाचा जीव जाईल. हे मी उडवून लावलं नाही आणि कुणीच लावू नये. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, काढल्यावर साधारण पाच दिवसच टिकतात, भरपूर साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून दाता ऐनवेळी शोधावा लागतो, ही घाई खरीच असते. पण तो दाता यांनीच शोधला पाहिजे असं कुठे लिहिलंय? यावर लगेच उत्तर आलं नाही, दोन-तीन भेटींनंतर आलं. तरुणपणी वडील आजारी पडले, धंदा बुडायला आला होता, तेव्हा आजूबाजूचे लोक धावून आले होते, कुणी रक्त दिलं, कुणी कामं मिळवून दिली. तेव्हापासून हे फेडतायत. पण या कर्जाचा शेवटचा हप्ता कधी, ते कुणी ठरवलंच नव्हतं. "मी नाही गेलो तर मग मी कोण?" असं ते म्हणाले. खरी भीती ही होती, आणि ही भीती तशीच ठेवून नुसतं टाइमटेबल करून दिलं असतं तर ते महिनाभरही टिकलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

समाजकार्य बंद करा असं मी सांगावं ही घरच्यांची इच्छा असते बऱ्याचदा. मी सांगत नाही. ज्यातून माणसाला जगण्याचा अर्थ मिळतो ते काढून घेतलं तर घरी येईल तो चिडलेला माणूस येईल. आम्ही ठरवलं की वही वाटून घ्यायची. दोन तरुण कार्यकर्ते तयारच होते, त्यांना आजवर फक्त पळापळीची कामं मिळायची, निर्णय सगळे यांचे. आता आठवड्याचे वार वाटले आणि ज्याचा वार त्याचाच शब्द शेवटचा. सुरुवातीला हे रात्री त्या मुलांना फोन करून विचारायचे, झालं का, मिळालं का. तेही हळूहळू थांबवावं लागलं, कारण काम दिलं पण अधिकार दिला नाही तर डोकं तिथेच अडकून राहतं.

आता धंद्याचं. मला वाटतं छोट्या धंदेवाल्यांच्या घरात खरी ठिणगी इथेच पडते आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. समाजकार्यातून झालेली ओळख दुकानात येते. पावतीपुस्तकं करून द्या ना, कार्यक्रमाची पत्रकं आहेत जरा बघा ना, पैसे पुढच्या महिन्यात देतो. यांना नकार देता येत नाही, पण कागदवाला थांबत नाही, कामगारांचा पगार थांबत नाही, आणि खातेवहीतलं ते भगदाड दिसतं फक्त बायकोला, कारण हिशोब तिच्याकडे. तिला मी विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? मला वाटलं वेळ म्हणेल. ती म्हणाली, "उधारी कुणाला द्यायची ते ठरवताना मला विचारा, बस." मग दोघांनी बसून महिन्याला अमुक इतकंच काम फुकट करायचं असा आकडा ठरवला, तो संपला की पुढचं काम रेटने, मग तो कितीही जवळचा असो.

नाही म्हणायची तर चक्क प्रॅक्टिस केली, मोठ्याने बोलून. पहिल्यांदा त्यांनी एका नकाराला चार कारणं दिली, मशीन बंद आहे, माणूस सुट्टीवर आहे वगैरे. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो, तुम्ही परत अडकता. "या महिन्यात जमणार नाही, पुढच्या महिन्यात रेटने करून देतो" एवढंच बोलायचं आणि थांबायचं. ते थांबणं सगळ्यात अवघड गेलं त्यांना.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी राहिलेली कामं आणि उद्या कोणतं कधी करणार हे कागदावर लिहायचं, हेही सुरू केलं. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं, आणि २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी दाखवलं की काम पूर्ण झालं नाही तरी त्याचा नेमका प्लॅन केला की ते घोळणं बरंच कमी होतं. यांना उपयोग झाला, सगळ्यांना होईलच असं नाही.

घरासाठी काय करायचं हे मात्र मी त्यांना ठरवू दिलं नाही. त्यांनी लगेच ट्रिप काढली होती डोक्यात! मी म्हटलं, आधी विचारा. मुलीला ट्रिप नको होती, ती म्हणाली मला क्लासला न घालता तुम्हीच गाडी शिकवा. मुलगा म्हणाला, मी बोलताना फोन उलटा ठेवा. एवढंच.

सगळं छान झालं असं नाही. "मोठा झाला आता" असा टोमणा मारणारे भेटले, एका जुन्या मित्राने बोलणं सोडलं आणि ते दुखणं अजून आहे. बायको एकदा मला म्हणाली की हे आता लवकर घरी येतात तर मला सुचतच नाही काय बोलायचं, आणि वर माझ्या कामात सूचना करतात. हेही होतं, इतकी वर्षं एकटीने घर चालवल्यावर दुसऱ्याला जागा करून द्यायला वेळ लागतोच, त्यावर आम्ही दोघी वेगळं बोललो. "मलाच का" हा विचार त्यांना अजून कधीतरी येतो, पण आता तो आला की ते घाबरत नाहीत, त्या दिवशीचा फोन दुसऱ्याकडे देतात.

आता ज्या बायका विचारतात की हे समुपदेशकाकडे यायलाच तयार नाहीत, मला काय झालंय म्हणतात, मग काय करू? तुम्ही एकट्या या. येताना तक्रारींची यादी करून आणायची गरज नाही. तुम्हाला त्यांच्याकडून नेमकी कोणती एक गोष्ट हवी आहे तेवढं ठरवून या, आणि "वेळ" असं मोघम नको, त्या मुलीच्या गाडी शिकण्यासारखं नेमकं काहीतरी. ते मागायचं कसं, कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत, हे आपण बसून ठरवू शकतो. त्यांना यायचं की नाही ते नंतर त्यांना ठरवू द्या.